उपवासाची खळ

संपादकांचा फोन आला. "ताई, तीस-बत्तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलंत, दिवाळी अंकासाठी त्याचे अनुभव लिहा." मी म्हटलं, "अहो, इस्त्रीवाल्या बाईला कसले अनुभव? चुरगळलेले कपडे येतात, सरळ होऊन जातात. माणसं मात्र जशी आली तशीच परत जातात." ते म्हणाले, "मग हेच लिहा." म्हणून बसले आहे लिहायला. शुद्धलेखन त्यांनी पाहून घ्यावं, कारण माझं शिक्षण दहावी, आणि तेही दुसऱ्या खेपेला.

आमचं दुकान बुलढाण्यात, कोर्टाकडून बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालक, म्हणजे माझे यजमान, इस्त्री करायचे. खळ आणि सुगंधी पाणी हे खातं माझं. पाटीवर नाव त्यांचं आणि गिऱ्हाईक यायचं ते खळीसाठी, हे मी त्यांना वर्षातून दोनदा तरी ऐकवत असे. ते इस्त्री आपटून उत्तर द्यायचे.

ज्यांना तयार फवाऱ्याच्या बाटल्याच ठाऊक आहेत त्यांच्यासाठी सांगते. सुती कापड धुतलं की त्याचा जीव जातो. तो परत आणायचा तर कापड पिठूळ पाण्यात बुडवायचं, पिळायचं, वाळवायचं आणि जरासं दमट असतानाच गरम इस्त्री फिरवायची. ते पिठूळ पाणी म्हणजे खळ. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण काळ्या कापडावर तिचे पांढरे ठिपके दिसतात आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. भाताची पेज मऊ, रोजच्या कपड्यांना बरी. साबुदाण्याची खळ मात्र सगळ्यांत वरची. साबुदाणा भिजत घालायचा, काचेसारखा होईपर्यंत मंद आचेवर ढवळत राहायचा, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा. चिमूटभर मीठ टाकलं की इस्त्री चिकटत नाही, थेंबभर खोबरेल टाकलं की ती सरकते. एवढीच विद्या आहे. पण तेवढ्यासाठी एका जागी तासभर उभं राहावं लागतं, आणि आजकाल उभं राहायला कोणी तयार नाही.

सुगंधी पाण्याचं खूळ माझं. मालकांनी ज्यांच्याकडे काम शिकलं ते चाचा आमच्याच दुकानात बसायचे आणि तोंडात पाणी भरून कपड्यावर फुर्रकन फवारा मारायचे. काय बारीक तुषार यायचे! वकिलांचे गळ्यातले पांढरे बँड, साहेबांचे शर्ट, सगळं त्या चुळीवरच कडक व्हायचं. कोणी कधी विचारलं नाही की चाचा, आज सकाळी दात घासले का. मला ते बघवेना. मी बाटलीच्या बुचाला दाभणानं भोकं पाडली, वाळ्याची मुळं माठात भिजवून ते पाणी गाळून भरलं आणि चाचांची चूळ बंद केली. चाचा चार दिवस रुसले होते.

सुरुवातीला चुकाही केल्या. एका वकीलसाहेबांच्या शर्टाला गुलाबाचा वास हवा होता, तर मी अत्तर तसंच पाण्यात टाकून फवारलं. अत्तर म्हणजे तेल, ते स्पिरिटमध्ये आधी मोडून घ्यावं लागतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं? पाठीवर दहा-बारा पिवळे डाग पडले. साहेबांनी भर एप्रिल महिन्यात दिवसभर अंगातला काळा कोट काढला नाही. जेवणाच्या सुटीत सगळे बाररूममध्ये कोट काढून बसले आणि हे एकटे घामाच्या धारांत गुलाबासारखे दरवळत होते म्हणे. संध्याकाळी येऊन मला म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं आज मले तारीख मागा लागली." मी म्हटलं, "ती तुम्ही रोजच मागता." तेव्हापासून ते आमचं कायमचं गिऱ्हाईक झाले.

दुसरे एक भाऊ. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते. त्यांना कुरता कडक हवा, त्याहून कडक हवा, आणखी कडक हवा. शेवटी मी साबुदाण्याची खळ इतकी दाट केली की कुरता भिंतीला टेकवून उभा राहिला. भाऊंना तो फार आवडला. प्रचाराला निघाले, गल्लीत एका म्हातारीच्या पाया पडायला वाकले तर बाहीचा असा कडकड आवाज झाला की म्हातारी घाबरून घरात पळाली. दुपारी घाम आल्यावर त्या खळीची लापशी झाली आणि भाऊंच्या मागे माश्या लागल्या. पडले. माझ्या खळीमुळे पडले असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वॉर्डातल्या नाल्या पाहिल्या असत्या तर त्यांना दुसरंही कारण सापडलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते.

आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर अधिकाऱ्यांची कॉलनी. तिथं पुण्याकडचे एक इंजिनिअर साहेब बदलून आले. त्यांच्या मॅडम एका सकाळी स्वतः दुकानात आल्या. हातात चार सुती साड्या, एकेक मालकांच्या महिन्याच्या कमाईची. म्हणाल्या, "तुमच्या खळीबद्दल फार ऐकलंय. पण खळ कशाची करता?"

"रोजची भाताची. खास पाहिजे असली तर साबुदाण्याची."

"मग एकादशीला मला साबुदाण्याचीच लागेल. उपवासाला भात चालत नाही ना."

मी जरा चक्रावले. म्हटलं, "मॅडम, साडी नेसायची आहे, खायची नाही."

त्या हसल्या. उपवासाला अंगाला धान्याचा स्पर्शही नको, अशी त्यांच्या घरची पद्धत, असं काहीतरी त्यांनी समजावलं. तोपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. मग त्यांची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर गेली, तिथून माझ्या कोपऱ्यातल्या माठावर आली, आणि आवाज मधात बुडवून त्यांनी विचारलं, "आणि पाणी? पाणी कुठलं वापरता?"

"घरचंच."

"नाही, म्हणजे आम्ही तसं काही मानत नाही हं. पण एकादशीपुरतं… मी आमच्याकडचं फिल्टरचं पाणी पाठवत जाईन. कॅन पाठवते, आमच्या गिरजाबाईंच्या हाती."

'तसं काही मानत नाही' हे वाक्य मी जन्मात इतक्यांदा ऐकलं आहे की त्याच्या पुढं 'पण' येणार हे मला पाठ आहे. मी "बरं" म्हटलं. मॅडम गेल्यावर मालक म्हणाले, "जाऊ दे नं वं. मोठं गिऱ्हाईक हाय. कायले डोकं तापवतं?"

माझं डोकं तापलंच होतं. आपल्याला तोंडावर कोणी शिवी दिली तर परत देता येते. हे असं गोड बोलून, साडी हातात ठेवून, पाणी तेवढं वेगळं पाठवणार, त्याला काय उत्तर द्यायचं? मी उत्तर शोधून काढलं. दशमीला कॅन आला. त्या फिल्टरच्या पाण्याचा मी चहा केला, मालकांना दिला, समोरच्या दोन वकिलांना दिला, स्वतः घेतला. फार चांगला झाला होता. आणि मॅडमच्या साडीला माझ्या घरी, माझ्या पातेल्यात, माझ्या माठातल्या पाण्यात शिजलेल्या भाताची पेज लावली. पेजेचा वास दबावा म्हणून वरून वाळ्याचं पाणी दुप्पट फवारलं. चिठ्ठीवर लिहिलं, 'उपवासाची खळ'.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा निरोप आला, "किती सात्त्विक सुगंध!"

मग काय विचारता! महिन्याभरात कॉलनीतल्या सात घरांची उपवासाची खळ सुरू झाली. एकीनं तर चातुर्मासभर नवऱ्याचे शर्टही त्यातच घालायला सांगितले. एकादशीला संध्याकाळी त्या सगळ्याजणी देवळाकडे निघायच्या, पदर कडक, वाळ्याचा घमघमाट, आणि मी दुकानाच्या पायरीवरून बघायचे. माझ्या घरातला भात अंगावर नेसून सात बायका देवाला चालल्या. मला त्याचा आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू, फार आनंद व्हायचा. कोणी नसताना मी एकटीच हसायचे.

कॅन आणि साड्या घेऊन यायची ती गिरजाबाई. सुलतानपूरकडची, शेतकरी घरातली. नवरा गेल्यावर शेत दिरांनी कसायला घेतलं आणि ही मॅडमकडे धुण्याभांड्याला लागली. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरलेले. पहिल्याच दिवशी कॅन खाली ठेवून म्हणाली, "माय वं, जीव गेला हे पानी वाहून. पयले मले तुह्या माठातलं दे." तांब्या तोंडाला लावून गटागटा प्यायली. दुसऱ्या खेपेला माझ्या डब्यातली भाकरी तिनं मागून खाल्ली आणि भाजीत मीठ कमी आहे असंही सांगितलं. अशी बाई.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिनं साड्यांच्या खालून एक जुनं, पण स्वच्छ धुतलेलं लुगडं काढलं. "मॅडमच्या साड्यासंगं माह्यंबी घालून दे. तेच उपासाचं. मी पैसे देईन."

मी पैसे नको म्हटलं आणि लुगडं त्याच पातेल्यात बुडवलं. एका लुगड्यासाठी कुठं वेगळा साबुदाणा शिजवत बसू? आणि तिला खरं सांगितलं आणि तिच्या तोंडून कॉलनीत गेलं तर? असा सगळा सोयीचा हिशेब होता. तिचं लुगडं दर एकादशीला येत राहिलं. एकदा ती कापड बोटांत चोळून म्हणालीसुद्धा, "या टायमाले नरम आलं वं." मी म्हटलं, "साबुदाना नवा होता." माझी जीभ जराही अडखळली नाही.

असे आठ-नऊ महिने गेले. एका दशमीला दुपारी ती पायरीवर बसली होती. मी बिस्कीट पुढं केलं तर म्हणाली, "आज एकटाईम जेवली, आता नाई." मग आपणहून सांगायला लागली. तिची एकच लेक, देऊळगावराजाकडे दिलेली. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट पडलं. दुसऱ्या वेळेला पोरगी मरता मरता वाचली. आता तिसऱ्यांदा सातवा महिना चालू होता.

"पोरगी वाचली तवाच मी बोलली देवाले," गिरजाबाई म्हणाली. "बारा महिने एकादस्या करीन. त्या दिसी धान्याचा कन पोटात नाई अन् अंगालेबी नाई. चूल नाई पेटवत. पीठ नाई मळत. मॅडमले सांगून ठेवलं, त्या दिसी कनिक मी भिजवनार नाई म्हनून. अठरा झाल्या पाह्य. येकबी नाई चुकली. लुगड्याचं तं तुह्यामुळं जमलं. नाई तं माह्यासारखीले कोन करून देते उपासाची खळ?"

मी समोरच्या कपड्यांची घडी घालत होते. ती मी दोनदा मोडली.

मी नवस मानत नाही. आमच्या घरात कोणीच मानत नाही. लेकीला वेळेवर दवाखान्यात ने, रक्त तपास, गोळ्या चुकवू नको, हे मीच गिरजाबाईला दहादा सांगितलं होतं आणि ती ते ऐकतही होती. खळ भाताची की साबुदाण्याची, यानं पोटातल्या लेकराला काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी तिचं लुगडं हातात धरून का बसले होते? मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "गप बैस. तिले सांगतलं की मॅडमले समजलंच म्हनून समज. कालनीचा सारा धंदा बसते." खरं होतं. त्या सात घरांवर आमचं निम्मं दुकान चालत होतं.

त्या वेळी मी साबुदाणा शिजवला. फक्त तिच्या लुगड्यासाठी. वाटलं, आता यापुढं खरी खळ लावली की झालं. पण गिरजाबाई लुगडं न्यायला आली, त्यावर हात फिरवला आणि तिचा चेहरा फुलला. "येकोनिसावी! पाह्य कसं कागदासारखं कडक आलं." ते 'येकोनिसावी' मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, "बस. तुले काही सांगाचं हाय."

सगळं सांगितलं. पाण्याचा कॅन, चहा, पेज, वाळा. ती ऐकत राहिली. पेजेचं ऐकून तिच्या ओठाच्या कोपऱ्याला हसूही आलं. मॅडमला चांगली जिरवली, असं तिला क्षणभर वाटलं असावं. मग तिचं तिलाच उमगलं.

"माह्या लुगड्यालेबी?"

"हाव."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. हे आजचंच तेवढं साबुदान्याचं हाय."

रस्त्यावरून बस गेली, धूळ उडाली, तिनं लुगडं पदराखाली घेतलं. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडमचं समजलं मले," ती म्हणाली. "त्याईनं तुले तसं म्हनलं, तू त्याईले तसं केलं. फिटलं. पन मी तं तुह्या माठातलं पानी पेली वं. तुह्या डब्यातली भाकर खाल्ली. मले काऊन त्याईच्यात धरलं?"

भेदभाव करणाऱ्याला धडा शिकवते म्हणता म्हणता मी सातांबरोबर आठवीलाही त्याच पातेल्यात बुडवलं होतं. ती कोण, कशी, हे बघायची तसदी घेतली नव्हती. ज्या गोष्टीचा मला जन्मभर राग, तीच मी केली होती.

गिरजाबाईनं मॅडमला सांगितलं नाही. सात घरांतलं एकही घर तुटलं नाही. उपवासाची खळ मी त्यानंतर साबुदाण्याचीच केली, माझ्या माठातल्या पाण्यात. कॅनचा चहा मात्र चालू ठेवला. पुढं साहेबांची बदली झाली तेव्हा मॅडम निरोप घ्यायला आल्या. वाळ्याच्या पाण्याच्या चार बाटल्या नेल्या आणि खळीची कृती वहीत लिहून घेतली. जाताना म्हणाल्या, "तुमच्या हाताला काहीतरी वेगळंच आहे हो." हा अंक पुण्यात मिळतो असं संपादक म्हणतात. मॅडम वाचत असतील तर त्यांना माझा जयभीम.

पण गिरजाबाईनं एकादशा पुन्हा पहिल्यापासून धरल्या. अठरा वाया गेल्या, असं तिनं ठरवलं आणि एक म्हणून मोजायला सुरुवात केली. मी हात जोडले. म्हटलं, चूक माझी, तुझी नाही, देवाला कळत नसेल का. ती म्हणाली, "देवाले कळते. मले बोलल्यापरमानं करा लागते." दर दशमीला ती पदराच्या गाठीला बांधून स्वतःचा साबुदाणा आणायची. मी भिजवायचे, ढवळायचे, गाळायचे, आणि ती समोर स्टुलावर बसून बघायची. तासभर. गुडघे चोळत. गप्पा पहिल्यासारख्याच मारायची, पाणीही मागून प्यायची, पण पातेल्यावरची नजर हलवायची नाही. मी मीठ टाकायला हात पुढं केला तरी विचारायची, "काय टाकलं?"

दोन महिन्यांनी लेक बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, मुलगी, अडीच किलोची. गिरजाबाई पेढे घेऊन आली, एक मालकांच्या तोंडात कोंबला, एक माझ्या तोंडात कोंबला. मी म्हटलं, "झालं वं तुह्यं काम. आता सोड उपास."

"काम झालं म्हनून बोलनं सोडू का?" असं म्हणून ती स्टुलावर बसली, कारण त्या दिवशी दशमी होती.

चोवीस एकादशा तिनं पुऱ्या केल्या. शेवटच्या दोन-तीन वेळा तर तिला पायरी चढवत नव्हती, मालक हात धरून वर घ्यायचे. माझ्या एका थट्टेपायी त्या बाईनं नऊ महिने जास्तीची उपासमार सोसली. मला नवस खोटा वाटतो, पण ती भूक खरी होती.

त्यानंतर काही दिवसांनी ती लुगडं घेऊन आली. दशमी नव्हती, काही नव्हतं. पुतणीचं लग्न होतं, त्यासाठी हवं होतं. पदराला साबुदाण्याची गाठही नव्हती. मी विचारलं, "कोन्ती लावू?"

ती स्टुलावर बसली नाही. बाजाराची पिशवी सावरत म्हणाली, "कोन्तीबी लाव. फकस्त सांगून लाव."

मी म्हटलं, "भाताची लावतो."

"लाव मंग," म्हणाली आणि बाजाराला गेली.